पुढचं चाक, चार इंच

१० जानेवारी १९९४, सोमवार. सकाळी ९ वाजून २२ मिनिटे

आर. के. पुरमच्या मोठ्या सिग्नलला काकांच्या स्कूटरवर बसून हिरव्या दिव्याची वाट पाहत होतो. धुकं. हेल्मेट डोक्यावर, पट्टा बांधलेला, दोन्ही पाय जमिनीवर. त्या क्षणी अख्ख्या दिल्लीत माझ्याइतका कायदेशीर माणूस दुसरा नसेल.

९ वाजून २३ मिनिटांनी ट्रॅफिकच्या हवालदाराने येऊन किल्ली काढून घेतली. म्हणाला, लाइन के आगे है. मी वाकून पाहिलं. पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे होतं. फार तर चार इंच. त्यातही चाक गोल असतं, जमिनीला टेकणारा भाग त्याहून कमी.

आमच्या शेजारी एक टॅक्सीवाला एका दूधवाल्याला जॅकच्या दांड्याने मारत होता. हवालदाराने तिकडे मान वळवली नाही. ते दोघे लाइनच्या मागे होते.

म्हणाला, सौ रुपये निकालो, नहीं तो कोर्ट. मी विचारलं, पावतीवर 'दंड' असा शब्द येणार का? तो म्हणाला, और क्या, प्रसाद लिखूँ?

तेव्हा मी पैसे द्यायला नकार दिला. कारण पुढे लिहितो.

मग त्याने किल्ली परत दिली, माझं लायसन्स खिशात घातलं आणि कोर्टाच्या तारखेचं चलान फाडलं. माझा राग अनावर झाला. हेल्मेट काढलं, दोन्ही हातांनी त्याच्यावर उगारलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, अभी सर में डालूँगा!

तो म्हणाला, डाल ले भाई, ठंड है.

घाबरला होता. आवाजावरून कळतं.

त्याच दिवशी, संध्याकाळी ७

कारण. इथल्या एका मंत्रालयाच्या ऑफिसात आम्ही रोजंदारीवर तिघे आहोत. टपाल घेणे, टपाल पाठवणे, पाकिटं चिकटवणे. तिघांतला एक जण १ मार्चपासून पर्मनंट होणार आणि विजयालक्ष्मी मॅडमनी (आमच्या सेक्शन ऑफिसर) फॉर्म मला दिला आहे. नीट भरून २८ फेब्रुवारीला द्यायचा. कॉलम १२: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर खटला झाला आहे का, ताब्यात ठेवलं आहे का, मुचलका घेतला आहे का, दंड झाला आहे का, दोषी ठरवलं आहे का. सहा प्रश्न. मी शुक्रवारीच पेन्सिलीने सहा वेळा 'नाही' लिहून ठेवलं होतं. सुंदर दिसत होतं.

शंभर रुपये भरले असते तर पाचवा 'नाही' खोडावा लागला असता. मी आयुष्यात खाडाखोड केलेली नाही.

शांतारामकाका म्हणाले, अरे यार, ट्रॅफिकचा दंड कोण विचारतो? देऊन टाकायचेस. मी विचारलं, फॉर्ममध्ये 'ट्रॅफिक सोडून' असं लिहिलं आहे का? ते म्हणाले, नाही. मी म्हणालो, मग? ते पुन्हा टीव्ही बघू लागले. मुद्दा जिंकला.

निश्चय: केस लढणार. जिंकणार. फेब्रुवारीच्या आत.

११ जानेवारी, मंगळवार. सकाळी ८ वाजून १० मिनिटे

पुरावा गोळा करायला सिग्नलला गेलो. काकूचा शिवणाचा टेप नेला होता. पट्ट्याची रुंदी घेतली, १२ इंच. पुढचं माप घ्यायला खाली बसलो तेवढ्यात सिग्नल सुटला. बस टेपवरून गेली. दुसरं टोक माझ्या हातात असल्यामुळे मीही थोडा बसबरोबर गेलो.

एका सायकलवाल्याने अंगावर सायकल घातली आणि उतरून वर मलाच दोन लाथा मारल्या. त्यातली एक मी चुकवली.

टेप आता ६० इंचांऐवजी साधारण ७१ इंचांचा झाला आहे. काकूला अजून सांगितलेलं नाही. तिचे पुढचे ब्लाउज सैल होतील, त्यात वाईट काही नाही.

१२ जानेवारी, बुधवार

केस जिंकली!

आज दुपारी चलान पहिल्यांदाच नीट वाचलं. हवालदाराने नाव लिहिलं आहे: 'गुनवंत धूमल'. माझं नाव गुणवंत धुमाळ. दोन शब्दांत चार चुका. ण चा न, ह्रस्व मा-चा काना गायब, धु दीर्घ, ळ चा ल. म्हणजे हे चलान माझ्यावर नाहीच. गुनवंत धूमल म्हणून कुणी पहाडी इसम असेल त्याच्यावर आहे.

(वरच्या ओळीत 'ह्रस्व मा-चा काना' असं घाईत लिहिलं. मा ला काना असतो, ह्रस्व नसतो. खोडत नाही, कारण खाडाखोड नको.)

वृंदाला दाखवलं. काकांची मुलगी, इथेच जन्मली, कॉलेजात हिंदी घेऊन दुसऱ्या वर्षाला आहे. ती म्हणाली, गुणादादा, इथे सगळ्यांच्याच नावाचं असं होतं, मला तर शाळेत बृन्दा लिहायचे. मी म्हणालो, म्हणूनच तुमचं नुकसान होत आलं. तुम्ही सहन करता.

ती म्हणाली, मी थकली आहे, उद्या बोलू. 'थकली'! 'थकले' म्हणायचं तिला येत नाही आणि मला सल्ला देते.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत. सकाळी ९ वाजता

शत्रूशी आधी गोडीने वागावं, असं शास्त्र आहे. पाव किलो तिळाचे लाडू घेऊन सिग्नलला गेलो. बेत असा: तिळगूळ द्यायचा, चार शब्द बोलायचे, लायसन्स परत घ्यायचं, विषय बंद.

हवालदार एका ट्रकवाल्याच्या कानशिलात वाजवत होता. तो मोकळा होईपर्यंत थांबलो. मग लाडू पुढे केला आणि वाकून म्हणालो, तिल-गुड़ लो और मीठा बोलो.

तो म्हणाला, क्या बोला?

मला वाटलं ऐकू गेलं नाही. मोठ्याने आणि सावकाश म्हणालो, मीठा बोलो. मीठा.

त्याने विचारलं, तू मुझे बोलना सिखाएगा? आणि मला मारलं. उजव्या हाताने, डाव्या कानावर. लाडू सांडले. गर्दीतल्या एकाने उचलून खाल्ले आणि बरे आहेत म्हणाला.

मी उलट हात उचलला नाही. सिग्नल हिरवा असल्यामुळे वेगाने निघून आलो.

१४ जानेवारी, दुपारी ३

डाव्या कानात शिट्टी वाजते आहे. काकू म्हणाली, अहो, पोराला बघा. काका म्हणाले, तो हरियाणाचा माणूस, त्याला संक्रांत कशी कळणार? तू त्याला काल लोहडीला, म्हणजे त्यांच्या संक्रांतीला, रेवडी द्यायचीस. मी म्हणालो, म्हणजे चूक माझी? काका म्हणाले, बिल्कुल.

काका चाळीस वर्षांचे असताना दिल्लीत आले. बत्तीस वर्षांचे असताना, काकूने दुरुस्त केलं. कणा गेला तो तेव्हाच.

१५ जानेवारी, शनिवार

निश्चय.

१. हवालदाराला मारणार नाही.
२. पण मारू शकेन असा होणार.
३. केस जिंकल्यावर पुनर्विचार.

२३ जानेवारी, रविवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे

छाती कमावायचा स्प्रिंग आणला, ८५ रुपये. दुकानदाराने विचारलं, किसके लिए? अपमान मनात ठेवला.

पहिले आठ वेळा ठीक. नवव्या वेळी उजवी मूठ सुटली. हनुवटीवर बसलं आणि तिथून दांडा जो गेला तो थेट काकूच्या कैरीच्या लोणच्यावर. बरणी खल्लास. लोणचं पांढऱ्या भिंतीवर, छतावर, वृंदाच्या स्वेटरवर. हनुवटीतून रक्त. काकू धावत आली आणि आधी भिंतीकडे बघितलं.

वृंदा म्हणाली, मम्मी, मर्डर झाल्यासारखं दिसतंय.

मी मनात म्हणालो, सध्या लोणच्याचा. थांबा.

२४ जानेवारी, सोमवार

हनुवटीला तीन टाके. विजयालक्ष्मी मॅडमनी विचारलं, कुणाशी मारामारी? मी गूढ हसलो. हसल्यावर टाका ओढला गेला.

८ फेब्रुवारी, मंगळवार. कोर्टाची पहिली तारीख

सकाळी साडेनऊला हजर. कोर्ट साडेअकराला. मधल्या वेळात नोटीस बोर्डावरच्या अकरा चुका टिपून घेतल्या. 'सूचना' या शब्दात सुद्धा.

काकांनी बत्रा नावाचे वकील गाठून दिले होते, त्यांच्या ऑफिसातल्या कुणाचे मेहुणे. दीडशे ॲडव्हान्स, काकांकडून. बत्रांना ण आणि न चा मुद्दा समजावला. ते म्हणाले, बेटा, हाथ जोड़, सौ रुपये भर, घर जा. मी म्हणालो, पण ळ? ते म्हणाले, वो क्या होता है?

ज्या वकिलाला ळ माहीत नाही तो माझी बाजू काय मांडणार!

सव्वाबाराला कोर्टाबाहेरच्या व्हरांड्यात दोन वकिलांची खुर्चीवरून जुंपली. खुर्ची एक, वकील दोन. आधी शब्द, मग टाय, मग खुर्चीच. सफाईने मारत होते, रोजचा सराव असावा. खुर्ची फेकली गेली ती ज्याला लागायची त्याला न लागता माझ्या गुडघ्याला लागली. एक काळा कोट माझ्या अंगावरून धावत गेला. कोट कुणाचा ते कळलं नाही, बूट आठ नंबरचा होता, पाठीवर उमटला आहे.

पोलीस आले. त्यांनी पहिल्यांदा मला धरलं. मी म्हणालो, मैं तो चलानवाला हूँ. हसून सोडून दिलं.

पुढची तारीख २२ फेब्रुवारी. आरोपीने म्हणणं लेखी दिलं तर चालेल असं कारकून म्हणाला.

लेखी! आता खेळ माझ्या मैदानावर आला.

९ फेब्रुवारी, बुधवार

बत्रांना काढून टाकलं. ते म्हणाले, ॲडव्हान्स वापस नहीं होता. मी म्हणालो, ठेवा. रुबाबात म्हणालो. काकांचे होते.

१३ फेब्रुवारी, रविवार. सकाळी १० ते संध्याकाळी ६

लेखी निवेदन पूर्ण. हिंदीतून. चार पानं, एकही खाडाखोड नाही. हिंदी आणि मराठी लिपी एक, संस्कृत शब्द एक, क्रियापदाला 'है' लावलं की झालं. दहावीला हिंदीत मला एकाहत्तर होते. म्हणून बाजारू हिंदी टाळली आणि जिथे जमेल तिथे शुद्ध संस्कृत शब्द घातले. मॅजिस्ट्रेटवर छाप पडते.

पान १: चाक गोल असण्याविषयी.
पान २: ण, न, ळ, ल. उदाहरणांसह.
पान ३: आकृती.
पान ४ महत्त्वाचं. खूप विचार करून लिहिलं.

झालं असं की परवा एक गोष्ट ध्यानात आली. मी हवालदारावर हेल्मेट उगारलं होतं. सरकारी नोकरावर! चलानवर त्याने ते लिहिलेलं नाही, पण मनात ठेवलं असणार. ऐन वेळी काढेल. फॉर्मातले सहाच्या सहा 'नाही' धोक्यात. तेव्हा त्याच्या आधी आपणच सांगून टाकायचं, की ती नुसती चेष्टा होती, गंमत, मारायचा विचार नव्हता. मग त्याच्या हातात काय उरलं? काही नाही.

वाक्य असं आहे. जसंच्या तसं उतरवून ठेवतो, कारण चांगलं जमलं आहे:

'महोदया, मैंने हवलदार जी को हेलमेट से मारने की केवल चेष्टा की थी। सबके सामने की थी।'

'केवल'च्या खाली रेघ मारली आहे. पट्टीने.

वृंदा म्हणाली, दाखव ना, मी बघते, माझा सब्जेक्टच आहे. मी दिलं नाही. काल ती मला म्हणाली, माझे पाय दुखतात आहेत. अशा माणसाने माझ्या वाक्याला हात लावलेला मला चालणार नाही.

१७ फेब्रुवारी, गुरुवार

निवेदन कोर्टात जमा केलं. कारकुनाने पहिली तीन पानं उलटली, चौथं वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्या हनुवटीकडे पाहिलं. टेबलावरचा काचेचा पेपरवेट उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि मला म्हणाला, बैठिए, बैठिए सर.

सर! दिल्लीत आठ महिन्यांत पहिल्यांदा. लेखणीची ताकद.

२१ फेब्रुवारी, सोमवार

उद्या निकाल. पोट बिघडलं आहे. भीती नाही, काकूची उसळ.

वाटेत बसमध्ये दोन माणसांनी कंडक्टरला पाच रुपयांच्या सुट्ट्यावरून मारलं. कंडक्टरने तिकिटांच्या पेटीने त्यातल्या एकाचा दात पाडला. दात माझ्या चपलेजवळ आला. मी तो उचलून परत केला. तो थँक्यू म्हणाला. शांत राहिलं की लोक मान देतात.

२२ फेब्रुवारी, मंगळवार. कोर्ट

जसं घडलं तसं लिहितो. अक्षर तरी चांगलं येतं आहे.

मॅजिस्ट्रेट मॅडम आहेत. चष्मा, खोकला, समोर हातभर उंच फाइलींचा ढीग. माझं नाव पुकारलं, गुनवंत धूमल. मी हललो नाही. तत्त्वाचा प्रश्न. तीनदा पुकारलं. शेवटी शिपायाने मानेला धरून पुढे आणलं.

मॅडमनी कागदावरून नजर न उचलता विचारलं, शिक्षा?

आल्याआल्या शिक्षेची गोष्ट! मी ताठ उभा राहून म्हणालो, जी, आज तक एक भी नहीं हुई.

त्या म्हणाल्या, बिल्कुल नहीं?

मी म्हणालो, बिल्कुल नहीं. पूरे खानदान में किसी को नहीं हुई.

त्यांनी पहिल्यांदाच वर पाहिलं, माझी चार पानं हातात घेतली आणि सगळ्या कोर्टाला दाखवून म्हणाल्या, देखिए, शिक्षा नहीं हुई, फिर भी कितना सुंदर लिखा है. मागचे दोन वकील वाहवा म्हणाले. माझा ऊर भरून आला. निर्दोष माणसाचं अक्षर ओळखू येतं.

मग त्यांनी चौथं पान वाचलं. चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला.

विचारलं, आपने मारने की चेष्टा की थी?

मी म्हणालो, जी. केवल चेष्टा.

किस चीज़ से?

हेलमेट से. सबके सामने की थी जी, छुपाया नहीं.

त्या म्हणाल्या, क्यों?

हा प्रश्न मला अवघड गेला. चेष्टा का करतात? मी खरं तेच सांगितलं. मला सवय आहे. बचपन से आदत है. घर में भी करता हूँ. बहन की रोज करता हूँ, काकी की भी करता हूँ. काका की नहीं करता, वो बड़े हैं.

 मागचे दोन वकील पुढे सरकून बसले.

मॅडमनी हळू आवाजात विचारलं, काकी कुछ नहीं कहतीं?

मी म्हणालो, काकी हँसती हैं जी.

मागच्या बाकावर बत्रा वकील होते, दुसऱ्या कुणाच्या केसला. त्यांनी स्वतःच्या कपाळावर हात मारला. जोरात. आवाज आला.

मग हवालदाराला पुढे बोलावलं. मॅडम त्याला म्हणाल्या, इतनी बड़ी बात चलान में क्यों नहीं लिखी? तो बिचारा डोकं खाजवू लागला. म्हणाला, जनाब, हेलमेट उठाया तो था इसने. मैं समझा ठंड लग रही है.

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत पहिल्यांदाच मला भीती दिसली. महिनाभर हीच नजर बघायची माझी इच्छा होती. बघितल्यावर बरं वाटायला हवं होतं.

निकाल, घड्याळात १२ वाजून ५ मिनिटे. लाइन ओलांडल्याबद्दल शंभर रुपये दंड. चाक गोल असतं हा मुद्दा विचारात घेतला गेला नाही. सरकारी नोकरावर हात उगारल्याचा गुन्हा आरोपीने स्वतः लेखी कबूल केला आहे, वय लहान, शिक्षण नाही, प्रामाणिक आहे, म्हणून दया: कोर्ट उठेपर्यंत कोठडी, आणि एक वर्ष शांत राहण्याचा दोन हजारांचा मुचलका, घरच्या जबाबदार माणसाच्या जामिनावर. वरून सल्ला, घर की औरतों पर हाथ उठाना बंद करो.

मी म्हणालो, हाथ नहीं, चेष्टा!

शिपायाने बखोट धरून नेलं.

त्याच दिवशी, कोठडीबद्दल

सहा बाय दहाची. आत नऊ जण. दारातून मला ढकललं तो एकाच्या पोटावर पडलो, त्याने मला दुसऱ्यावर फेकलं, त्याने भिंतीवर. मग एका दाढीवाल्याने विचारलं, किस में आया? मी सांगितलं, पुलिसवाले को मारने की चेष्टा.

एकदम जागा झाली. एकाने स्वतःचं कांबळं अंथरलं. दाढीवाला म्हणाला, देखने में तो चूहा है. कोपऱ्यात एक जाड्या होता, त्याला माझा वाढलेला मान सहन झाला नाही. उठला आणि माझ्या बरगडीत बुक्की मारली. दाढीवाल्याने त्याची मान बगलेत धरून डोकं तीनदा गजांवर आपटलं. माझ्यासाठी! असं आजवर कुणीच माझ्यासाठी काही केलेलं नाही.

माझं अक्षर चांगलं आहे हे कळल्यावर तिघांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतले. शुद्ध हिंदीत लिहून दिले. तिघांचीही सुटका होईल असं वाटतं.

संध्याकाळी ६ वाजून १५ मिनिटे

काका जामिनाला आले होते. ऑफिसातून हाफ-डे टाकून. सही करताना पेन दोनदा अडलं. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कोर्टाची पायरी चढलो नव्हतो, एवढंच म्हणाले. घरी येताना स्कूटर घेऊन सिग्नलला लाइनच्या दोन हात मागे थांबले. मागचा कारवाला हॉर्न वाजवत होता, मग उतरून आला आणि त्याने काकांच्या आरशावर हात मारला. आरसा फुटला. मी उतरणार होतो. काका म्हणाले, गुणवंत, बस. एक वर्ष बसून राहा.

घरी वृंदाने निवेदनाची माझी कच्ची प्रत वाचली. आधी हसली. हसून हसून पलंगावर पडली, उशी तोंडात धरली. मग चौथ्या पानावर पुन्हा आली आणि थांबली. म्हणाली, गुणादादा, हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. कोशिश. तू लिहिलंस की मी मारायचा प्रयत्न केला. आणि शिक्षा म्हणजे एज्युकेशन.

मी तिला म्हणालो, शब्द संस्कृत आहे. आपण म्हणतो तोच अर्थ बरोबर असणार.

ती म्हणाली, कोश आणू? मी म्हणालो, नको.

काकूने बाहेरून विचारलं, आणि मी हसते हे कोर्टात कशाला सांगितलंस रे? शेजारचे मल्होत्रा आज मला दोनदा विचारून गेले, भाभीजी, सब ठीक है ना?

२३ फेब्रुवारी, बुधवार

कोश आणून बघितला. लिहिण्यासारखं काही नाही.

२८ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ११

फॉर्म भरला. पेन्सिलीचे सहा 'नाही' खोडरबराने पुसले. कागद जरा खरखरीत झाला, फाटला नाही.

अटक: होय. खटला: होय. ताब्यात ठेवलं: होय. मुचलका: होय. दंड: होय. दोषी: होय.

सविस्तर माहितीसाठी एका ओळीची जागा आहे. वेगळं पान जोडलं.

विजयालक्ष्मी मॅडमनी वाचलं, मग दार लावून घेतलं. म्हणाल्या, गुणवंत, फक्त दंड असता तर मी त्यावर डोळे झाकून सही केली असती. ट्रॅफिकचा दंड ऑफिसात कुणाला नाही? मलाही दोनदा झाला आहे. पण हे? हे मी वर कसं पाठवू? आणि दार पुन्हा उघडताना, तुझा हात इतका चालतो असं वाटलं नव्हतं.

मी सांगायला गेलो की चेष्टा. पण कोश आठवला आणि मी बाहेर आलो.

पर्मनंटचा फॉर्म आता दुसऱ्या मुलाला दिला आहे. तो 'गृह' हा शब्द 'ग्रूह' असा लिहितो. रोजंदारीही उद्यापासून बंद, मंत्रालयात मुचलक्याचा माणूस ठेवता येत नाही.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी

काकांनी पुण्याचं तिकीट काढून आणलं. बुधवारचं. म्हणाले, थोडे दिवस घरी जा. मी विचारलं, किती दिवस? म्हणाले, मुचलका वर्षाचा आहे. आपल्या गावी, फलटणला, एकही सिग्नल नाही.

मी म्हणालो, अपील करता येतं. काका म्हणाले, गुणवंत, हात जोडतो. खरंच जोडले. ते बघवेना म्हणून मी बॅग भरायला घेतली.

निश्चय: नाही.

हिशेब.
खर्च: तिळगूळ १२. स्प्रिंग ८५. कागद व स्टॅम्प ९. बस २६. एकूण १३२ रुपये.
देणे, काकू: टेप ८, बरणी ४०. काका: बत्रा वकील १५०, दंड १००, आरसा ३५, पुण्याचं तिकीट १९०. एकूण ५२३ रुपये. तिकिटाचं काका म्हणाले, हे मांडू नकोस. मांडलं आहे.
शिवाय वर्षभरात माझ्या हातून कुणाला काही झालं तर काकांचे दोन हजार.
येणे: काही नाही.